अळीचे खाद्य व पतंगाची प्रजननक्षमता

तंबाखूवरील पाने खाणारी अळी, जिला शास्त्रीय परिभाषेत स्पोडोप्टेरा लिट्यूरा म्हणतात, ही बहुभक्षी कीड आहे. तंबाखू, भुईमूग, सोयाबीन, कपाशी, कोबी, एरंड अशा अनेक वनस्पतींवर ती उपजीविका करते. तथापि या सर्व वनस्पती तिला सारख्याच मानवतात असे नाही. अळी कोणत्या पानावर वाढली, यावर पुढील पिढीची संख्या बऱ्याच अंशी अवलंबून असते.

याचे कारण किडीच्या जीवनक्रमात आहे. पतंग फुलांतील मधुरसावर राहतो. अंडी तयार होण्यास लागणारी प्रथिने व स्निग्ध द्रव्ये मुख्यतः अळीने पाने खाऊन साठविलेली असतात. कोवळ्या, रसदार व नत्रयुक्त पानांवर अळी लवकर वाढते, कोष वजनदार होतो आणि अशा कोषातून निघालेली मादी अधिक अंडी घालते. निकृष्ट खाद्यावर अळीचा काळ लांबतो, मरतूक वाढते व कोष हलके होतात.

प्रयोगशाळेत याची परीक्षा पुढीलप्रमाणे करतात. एकाच अंडीपुंजातून निघालेल्या अळ्या सारख्या संख्येने वेगवेगळ्या पानांवर सोडतात. तापमान व गर्दी सर्वत्र सारखी ठेवतात. ताजी पाने रोज देऊन विष्ठा काढून टाकतात, अन्यथा ओलाव्यामुळे रोग पसरतो. कोषांचे वजन करून नर-मादीच्या जोड्या लावतात, कापसाच्या बोळ्याने मधपाणी देतात व कागदावर घातलेली अंडी मोजतात. प्रत्येक पिंजऱ्यावर खाद्यवनस्पतीचे नाव लिहिणे आवश्यक आहे. एरंडावर पोसलेल्या अळ्यांचे निष्कर्ष भुईमुगावरील अळ्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.

एरंड हे या किडीचे उत्तम खाद्य होय. म्हणूनच प्रयोगशाळांत अळ्या पोसण्यास एरंडाची पाने वापरतात, आणि याच कारणास्तव भुईमूग व सोयाबीनच्या कडेने एरंड सापळा पीक म्हणून लावण्याची शिफारस आहे. मात्र सापळ्याकडे दुर्लक्ष झाल्यास तोच किडीचे पाळणाघर बनतो. मुख्य पिकापेक्षा धष्टपुष्ट मादी एरंडावर तयार होऊन तिची संतती शेतात पसरते.

मादी एका पुंजात काही शेकडा अंडी घालून ती तपकिरी केसांनी झाकते. अंडी साधारणतः 3 ते 5 दिवसांत उबतात. लहान अळ्या प्रथम समूहाने पानाचा हिरवा भाग खरवडून खातात, त्यामुळे पान जाळीदार दिसते. पुढे त्या पांगतात व दिवसा मातीच्या भेगांत लपतात. मग त्यांना वेचणे कठीण होते.

यास्तव शेतकरी बंधूंनी आठवड्यातून किमान दोनदा एरंडाची पाने खालून-वरून तपासावीत. अंडीपुंज व जाळीदार पाने अळ्यांसह तोडून नष्ट करावीत. तपासणीस सवड नसेल, तर एरंड न लावणेच हितावह ठरेल.