विंडोजच्या आवृत्त्या : रूप आणि अंतरंग

संगणकाचे यंत्र आणि त्याचा उपयोग करणारा माणूस यांच्यामध्ये जी मूलभूत आज्ञावली उभी असते, तिला परिचालन प्रणाली असे म्हणतात. स्मृतीची वाटणी करणे, धारिका जपून ठेवणे, एकाच वेळी चाललेल्या अनेक कामांना प्रक्रियकाचा वेळ वाटून देणे, ही तिची कामे होत. अशा प्रणालीची नवी आवृत्ती निघाली म्हणजे आपले लक्ष प्रथम तिच्या बाह्य रूपाकडे जाते. परंतु रूप पालटले म्हणजे अंतरंगही पालटले असे नव्हे. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज या प्रणालीच्या इतिहासावरून ही गोष्ट स्पष्ट होते.

विंडोजची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९८५ मध्ये निघाली. ती स्वयंपूर्ण नव्हती. डॉस या आधीच्या प्रणालीच्या आधारावरच ती चालत असे. तिच्यातील खिडक्या फरशांप्रमाणे शेजारी शेजारी मांडल्या जात. एका खिडकीवर दुसरी ठेवण्याची सोय १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत झाली. १९९० ची ३.० ही आवृत्ती लोकप्रिय ठरली, तरी एक मूळ दोष कायमच राहिला. प्रत्येक आज्ञावलीने प्रक्रियकाचा ताबा आपण होऊन दुसरीकडे सोपवावा, अशी तिची रचना होती. एखादी आज्ञावली अडून बसली की पुष्कळदा सर्वच कामे थांबत आणि जतन न केलेला मजकूर नाहीसा होई.

हा दोष मुळापासून दूर करण्याचे काम वेगळ्या दिशेने झाले. १९९३ मध्ये विंडोज एनटी ही प्रणाली प्रसिद्ध झाली. डेव्हिड कटलर यांच्या नेतृत्वाखाली घडविलेल्या या प्रणालीच्या बुडाशी डॉस नव्हता. प्रत्येक आज्ञावलीला स्मृतीचे स्वतंत्र दालन दिलेले असल्यामुळे एकीची चूक दुसरीला सहसा बाधत नसे. आश्चर्य असे की, पडद्यावर ती १९९२ च्या ३.१ या आवृत्तीसारखीच दिसे! मात्र तिला किमान १२ मेगाबाइट स्मृती लागे, आणि त्या काळी ती महाग होती.

विंडोज ९५ चे उदाहरण याच्या उलट आहे. २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या या आवृत्तीने ‘स्टार्ट’ची कळ आणि पडद्याच्या तळाची कार्यपट्टी आणली. धारिकेच्या नावावरील ८ अक्षरांची मर्यादा २५५ पर्यंत वाढली. प्रक्रियकाचा वेळ नव्या आज्ञावल्यांना प्रणाली स्वतः वाटून देऊ लागली. तरीही जुन्या आज्ञावल्या चालाव्यात आणि ४ मेगाबाइट स्मृतीच्या यंत्रांनाही ती पेलावी, म्हणून डॉसचा अंश आत ठेवावा लागला. जुन्याला सांभाळण्याची किंमत अशी स्थैर्यातून मोजली गेली. हे दोन्ही प्रवाह २००१ च्या एक्सपी आवृत्तीत एकत्र आले आणि घरगुती संगणकालाही एनटीचा पाया लाभला.

आपल्या दृष्टीने २००० सालची आवृत्ती विशेष महत्त्वाची आहे. तत्पूर्वी देवनागरीचे निरनिराळे टंक आपापल्या स्वतंत्र संकेतांवर चालत. तो टंक नसलेल्या यंत्रावर मजकूर उघडला तर निरर्थक चिन्हे दिसत. विंडोज २००० मध्ये युनिकोड या सामाईक संकेतपद्धतीनुसार हिंदी, मराठी, कोकणी, संस्कृत आणि तमिळ लिहिण्याची सोय झाली.

पुढे २०१२ मध्ये आठव्या आवृत्तीने स्टार्टची कळ काढून टाकली; लोकांच्या नाराजीनंतर २०१३ मध्ये ती परत आली. पाया मात्र या अवधीत तोच होता. २०२१ च्या अकराव्या आवृत्तीने किमान ४ गिगाबाइट स्मृती, म्हणजे विंडोज ९५ च्या सुमारे हजारपट, आणि सुरक्षेसाठी एक विशिष्ट घटक आवश्यक ठरविला. त्यामुळे चांगली चालणारी अनेक यंत्रे अपात्र ठरली. दहाव्या आवृत्तीचे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यावर ही अडचण अधिकच जाणवू लागली.

म्हणून दोन आवृत्त्यांची तुलना करताना तीन प्रश्न विचारावेत : एका आज्ञावलीच्या चुकीपासून इतर कामांचे रक्षण कितपत होते? जुन्या धारिका व आज्ञावल्या चालतात काय? आणि या सुधारणेसाठी जुने यंत्र टाकून द्यावे लागते काय? पडद्याच्या रंगरूपाचा विचार त्यानंतर करावा.