मुलांना सांगूनही का वळत नाही? : अबोध मन आणि रेल्वेचे रूळ



"किती वेळा सांगितलं, रुळांवरून जाऊ नकोस!" ठाणे ते कल्याण या पट्ट्यातल्या घराघरांत हे वाक्य ऐकू येतं. मुलं मान डोलावतात. नियमही सगळ्यांना माहीत असतो. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 नुसार रुळांवर विनापरवाना जाणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही पूल समोर असताना माणसं रूळ ओलांडतात, चांगली शिकलेलीसुद्धा. म्हणजे माहिती कमी पडत नाही. मग अडतं कुठे?

अबोध मन म्हणजे काय?

आपल्या नकळत आपल्या वागण्याला दिशा देणाऱ्या मनाच्या भागाला अबोध मन म्हणतात. सिग्मंड फ्रॉइड यांचा भर दडपलेल्या इच्छा आणि भीती यांवर होता. आजचे मानसशास्त्रज्ञ सवयी आणि झटपट अंदाज यांचाही विचार करतात. डॅनियल कानेमन यांनी 2011 च्या पुस्तकात विचारांच्या दोन पद्धती सांगितल्या: एक वेगवान आणि आपोआप चालणारी, दुसरी सावकाश आणि कष्टाची.

डोंबिवलीचा नेहमीचा प्रवासी फलाटावर रोज ठरलेल्या जागीच उभा राहतो. पाय आपोआप तिथे नेतात. यामुळे डोक्याचा ताण वाचतो. पण "रोज तर जातो, काही होत नाही" हेही तेच मन शिकतं. प्रत्येक वेळी सुखरूप पलीकडे गेलं की ही सवय आणखी पक्की होते.

वडाळ्याचा प्रयोग

2009 च्या अखेरीस मुंबईत वडाळा स्थानकाजवळ मध्य रेल्वे आणि 'फायनल माइल' या संस्थेने एक प्रयोग केला. नव्या सूचना लिहिण्याऐवजी त्यांनी थेट अबोध मनाशी बोलायचं ठरवलं.

1. पिवळे स्लीपर : मोठी वस्तू वेगात येत असली तरी आपल्याला ती हळू येतेय असं वाटतं. म्हणून रुळांखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले. गाडी ते भराभर झाकत येते, तेव्हा तिचा खरा वेग जाणवतो.

2. चेहऱ्याचं चित्र : गाडीखाली सापडणाऱ्या माणसाचा घाबरलेला चेहरा फलकावर दाखवला. वाचायची गरज नाही. पाहताक्षणी भीती पोहोचते.

3. दोन छोट्या शिट्ट्या : एका लांब शिट्टीऐवजी मोटरमनने दोन तुटक शिट्ट्या द्यायच्या. मधल्या शांततेमुळे लक्ष चटकन वेधलं जातं.

त्यानंतर तिथले मृत्यू कमी झाल्याचं नोंदवलं गेलं.

आपल्यासाठी धडा

उपदेश ऐकतं ते जागरूक मन. पण घाईच्या वेळी लगाम असतो सवयीच्या हातात. म्हणून सांगण्यासोबत परिस्थितीही बदलायला हवी.

• घरातून दहा मिनिटं लवकर निघा. घाई कमी झाली की शॉर्टकटचा मोहही कमी होतो.
• मुलासोबत असताना प्रत्येक वेळी पुलावरूनच जा. आपण एकदा जरी "आज उशीर झालाय, चल पटकन" म्हणून रुळांवर उतरलो, तर दहा वेळचं सांगणं पुसलं जातं.
• अभ्यासाला बसताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, आपलाही.
• शिक्षकांनो, प्रश्न विचारताना आपलं लक्ष नकळत हात वर करणाऱ्या त्याच चार-पाच मुलांकडे जातं. हजेरी क्रमांकाच्या चिठ्ठ्या डब्यात घाला आणि चिठ्ठी काढून विचारा. मागच्या बाकावरच्या मुलालाही संधी मिळेल.

वर्गासाठी उपक्रम

मुलांना आज विचार न करता केलेल्या पाच गोष्टी लिहायला सांगा. त्यातली बदलायची एक निवडू द्या. मात्र "मी आता असं करणार नाही" असं लिहू देऊ नका. ती सवय मोडण्यासाठी कोणती वस्तू, जागा किंवा वेळ बदलणार, तेवढंच लिहायला सांगा. आठवड्यानंतर वही पुन्हा उघडा आणि काय बदललं ते मुलांनाच सांगू द्या. आपलीही एक यादी करायला विसरू नका.