घोट्याला गृहीत धरू नकोस

अगं, आंबिवली स्टेशनच्या जिन्यावर पाय मुरगळला हे तू मला इतक्या दिवसांनी, तेही बोलता बोलता सांगतेस? वर म्हणतेस, "होईल गं बरा, मागच्या पावसाळ्यातही असाच झाला होता." तेच तर मला खटकलं. तोच घोटा पुन्हा मुरगळतो, तेव्हा बहुतेकदा तो पहिल्या वेळी नीट सावरलेलाच नसतो.

वय झालं की गुडघे झिजतात, हे आपण घरोघरी पाहतो. घोट्याचं तसं नाही. त्याची झीज बहुतांश वेळा जुन्या दुखापतीतून येते. कधी काळी हाड मोडलेलं असतं, नाहीतर पाय सारखा मुरगळत असतो. पाऊल आत वळलं की बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात, फाटतातही. सूज उतरली की आपण लोकल पकडायला धावतो, पण ते बंध सैलच राहतात. सांधा डळमळतो, आतली कूर्चा वर्षानुवर्षं घासत जाते आणि पुढे चाळिशी-पन्नाशीत घोटा दुखायला लागला की आपण वयाला बोल लावतो. म्हणून आत्ताच सांगतेय.

आधी बघ, त्या पायावर भार देऊन चार पावलं टाकता येतात का? घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर आलेली असतात, त्यांची मागची कड दाबल्यावर कळ येते का? पावलाच्या मधोमध, करंगळीच्या बाजूचं हाड दुखतं का? कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली मांडलेली ही कसोटी आजही वापरतात. चालता येत नसेल किंवा त्या हाडांवर दुखत असेल, तर उल्हासनगरच्या सेंट्रल हॉस्पिटलमध्ये जाऊन एक्स-रे काढून घे. कुणाकडूनही पाय चोळून, ओढून "लचक काढून" घेऊ नकोस. आत हाड चिरलेलं असलं तर त्या ओढाताणीत ते सरकेल.

हाड शाबूत असेल तर मात्र पाय बांधून महिनाभर पडून राहायचं नाही. क्रेप बँडेज, फडक्यात गुंडाळलेला बर्फ, पाय उशीवर उंच, एवढं सुरुवातीचे दिवस पुरे. मग बसल्या बसल्या अंगठ्यानं हवेत बाराखडी गिरवायची. दुखणं कमी झालं की ओट्याला हात टेकवून त्या एका पायावर उभं राहायचं, सवय झाली की हात सोडून. हे दिसायला पोरखेळ वाटतं, पण घोट्याला तोल पुन्हा इथेच शिकवावा लागतो, आणि बायका नेमकं हेच सोडून देतात. अंगारकीला टिटवाळ्यापर्यंत चालत जायचं म्हणतेस ना? एका पायावर न डगमगता उभी राहिलीस, तरच जा. आणि त्या झिजलेल्या सपाट चपला टाकून दे; मागून टाच धरणारं, तळ न वाकणारं काहीतरी घाल.

तू सांगितलेलं शेजारच्या काकूंचं दुखणं मात्र वेगळं दिसतंय. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ दोन्ही पावलं आखडलेली, बोटांचे सांधे सुजलेले. हा आमवात असू शकतो. चिकुनगुन्यानंतरही घोटे महिनोन् महिने दुखतात. आधी ताप येऊन गेला होता का, ते विचार. रक्त तपासल्याशिवाय कुणी दिलेली पुडी त्यांनी घेऊ नये. अशा पुड्यांत कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत उतार पडतो आणि रोग आत वाढत राहतो. आणि मामांच्या पायाचा अंगठा रात्रीतून लाल होऊन पांघरुणाचा स्पर्शही सोसत नव्हता, ते बहुधा युरिक अ‍ॅसिडचं. ऐन दुखण्यात रक्तातलं युरिक अ‍ॅसिड कधी कधी नॉर्मलही येतं, म्हणून दुखणं ओसरल्यावर पुन्हा तपासायला सांग.

पण खरी काळजी मला तुझ्या सासूबाईंची लागलीय. इतक्या वर्षांचा मधुमेह, पाऊल सुजलंय, गरम लागतंय, आणि त्या म्हणतात दुखत मात्र नाही. मधुमेहात पायाच्या संवेदना बोथट होतात. आतली हाडं ढासळत असली तरी कळत नाही. याला शार्को फूट म्हणतात. गरम पाण्यात पाय बुडवून शेकू देऊ नकोस, भाजलं तरी त्यांना कळणार नाही. उद्याच डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर त्या पायावर त्यांना उभं राहू देऊ नकोस. जाताना साखरेचे जुने रिपोर्ट बरोबर घ्या.