बिनइंजिनाचं विमान

घार पंख न हलवता कशी तरंगते ते तुम्ही पाहिलंच असेल. तसं तरंगणाऱ्या विमानाला ग्लायडर म्हणतात. त्याला इंजिन नसते.

माझा दादा अमरावतीला कॉलेजात एनसीसीच्या हवाई विभागात आहे. उन्हाळ्यात त्यानं थर्माकोलचं लहान ग्लायडर घरी आणलं. हातातल्या यंत्राची कांडी सरकवली की रेडिओच्या लहरी जातात अन् त्याच्या शेपटीची पट्टी वळते.

पहिल्यांदा मी ते जोरानं आभाळाकडे फेकलं. ते वर गेलं, थांबलं अन् नाकावर आपटलं. पंख मोडला. मला रडू आलं. दादा म्हणाला, "वर काउन फेकलं बे? वाऱ्याच्या तोंडी, सरळ समोर सोडाचं असते." जर्मनीचे ओटो लिलिएन्थाल स्वतः ग्लायडरला लटकून उडत. १८९६ साली त्यांच्या ग्लायडरचं नाक असंच वर झालं अन् ते पडून वारले. माझं तर थर्माकोलच होतं.

पंख चिकटवला. मग चिमूटभर माती सोडून वारा पाहिला अन् सरळ सोडलं. गेलं!

वळवणं मात्र लई कठीण. विमान आपल्याकडे येत असलं की कांडी उजवीकडे सरकवल्यावर ते आपल्या डावीकडे वळते. मी दोनदा बाभळीत घातलं.

नांगरलेलं काळं रान तापलं की गरम हवा वर चढते. घारी तिथंच गिरक्या घेतात. दादानं ग्लायडर त्या घारींखाली नेलं, तर ते खाली येईचना. मी पाचशेपर्यंत मोजलं, पुढं चुकलो.

— इयत्ता चौथी