एका गमतीच्या गाण्याची गोष्ट

आमच्या वर्गाला पाचूबंदरच्या एक ताई येतात. परवा वर्ग सुटल्यावर त्या मागे थांबल्या. म्हणाल्या, "गुरुजी, पोरानं एक गमतीचं गाणं केलंय. मोबाइलवर हजारो लोकांनी ऐकलं. आता म्हणतो, शाळा नको नि पेटीचा क्लासही नको. त्याला काय सांगू?"

मी म्हणालो, "त्याला चितळकरांची गोष्ट सांगा." तीच गोष्ट आज आपण वाचू.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १९१८ साली नगर जिल्ह्यातील पुणतांबे गावी झाला. विनायकबुवा पटवर्धनांकडे ते गाणे शिकले. १९३५ च्या सुमारास त्यांना 'नागानंद' चित्रपटात नायकाचे काम मिळाले. पण चित्रपट पडला. नायकाचे काम गेले, आणि मिनर्व्हा कंपनीत बारीकसारीक कामे करायची पाळी आली.

ते घरी परतले नाहीत. त्याच कंपनीत पेटी वाजवू लागले. चाल कशी बांधतात, वादकांकडून काम कसे करून घेतात, हे त्यांनी शेजारी बसून पाहिले. १९४२ साली मित्र भगवान यांच्या 'सुखी जीवन' चित्रपटाला त्यांनी संगीत दिले. पुढे ते सी. रामचंद्र या नावाने ओळखले जाऊ लागले.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. त्याच वर्षी 'शहनाई' चित्रपट आला. त्यात 'संडे के संडे' हे गमतीचे गाणे होते. साहेबी थाटाचा प्रियकर प्रेयसीला दर रविवारी बोलावतो, आणि हिंदीत इंग्रजी शब्द घुसडतो. शब्द प्यारेलाल संतोषी यांचे होते.

तेव्हा मोबाइल कुठला? सिनेमा, तबकडी आणि लोकांची तोंडे, एवढेच साधन. तरी गाणे देशभर झाले. काहींनी नाके मुरडली. पण पोरेबाळे गात सुटली, आणि सी. रामचंद्र हे नाव घरोघर पोचले.

लोकांना वाटले, हा माणूस एका रात्रीत वर आला. हिशेब करा. १९३५ ते १९४७, बारा वर्षे झाली!

आणखी एक गोष्ट. त्यांच्या वाद्यवृंदात गोव्याचे वादक असत. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांपैकी एक. ते ट्रम्पेट वाजवीत. लोक त्यांना चिक चॉकलेट म्हणत. गोव्यात चर्चच्या शाळांत मुलांना सुरांची लिपी शिकवीत. आपण अक्षरे वाचतो, तसे हे वादक कागदावरचे सूर वाचून वाजवीत. गमतीच्या गाण्यामागेही असे शिक्षण होते.

गंमत एकदा जमते. पुढे काय? १९५१ साली 'अलबेला'ची गाणी गाजली. १९५३ साली 'अनारकली' आला. मग चीनच्या युद्धात आपले जवान पडले. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लता मंगेशकरांनी कवी प्रदीप यांचे 'ऐ मेरे वतन के लोगो' गायिले. पंडित नेहरू समोर बसले होते. त्या गाण्याची चाल सी. रामचंद्र यांचीच. हसवणारा हात तोच, रडवणाराही तोच. शिकलेला हात दोन्ही करतो.

ताईंनी सारे ऐकून घेतले. म्हणाल्या, "म्हंजे गाणं सोड असं नाही सांगायचं. पेटी सोडू नको, असं सांगायचं."

मी म्हणालो, "ताई, गुरुजी तुम्हीच!"

नवे शब्द
तबकडी : ज्यावर गाणे भरलेले असते ती गोल चकती.
वाद्यवृंद : एकत्र वाजवणाऱ्यांचा मेळा.
चाल : गाण्याचे सूर बसवण्याची रीत.

करून पाहा
१. सी. रामचंद्र स्वतः गात, तेव्हा गायक म्हणून 'चितळकर' असे नाव देत. म्हणून पुष्कळांना ही दोन माणसे वाटत. तुमच्या आवडीच्या गाण्याला चाल कोणी दिली? नाव शोधून वहीत लिहा.
२. तुम्हाला येणारे एक काम शिकायला किती वर्षे लागली? चार ओळी लिहा.