जुन्या वस्तूंची ऑनलाइन विक्री : छंद आणि कायदा

जबलपूरमधील गढा ही गोंड राज्याची जुनी राजधानी. अशा जुन्या वस्तीत वाडे रिकामे होताना पितळी भांडी, घड्याळे, नाणी, पोथ्या निघतात. त्या विकत घेऊन इंटरनेटवरून विकणे हा निवृत्तांसाठी चार पैसे मिळवून देणारा छंद होऊ शकतो. मात्र पहिला प्रश्न वस्तूच्या वयाचा आहे.

पुरावशेष व कला संपदा अधिनियम, १९७२ हा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार किमान १०० वर्षे जुनी नाणी, शिल्पे, चित्रे इत्यादी आणि किमान ७५ वर्षे जुनी, ऐतिहासिक वा वाङ्‌मयीन मूल्याची हस्तलिखिते ‘पुरावशेष’ ठरतात. त्यांच्या विक्रीच्या व्यवसायास परवाना आवश्यक आहे (कलम ५). निर्यात केवळ केंद्र सरकार किंवा त्याने प्राधिकृत केलेली संस्थाच करू शकते (कलम ३). म्हणूनच परदेशी ग्राहकाला टपालाने पाठविलेले एक जुने नाणेही ६ महिने ते ३ वर्षे कारावासास कारण ठरू शकते (कलम २५).

याउलट, जमिनीत सापडलेला १० रुपयांहून अधिक मूल्याचा ठेवा १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. मालकी खासगी असली तरी वारसा सार्वजनिक असतो, हे या तरतुदींमागील सूत्र विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.