ज्ञानाची देवघेव

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात मेन्लो पार्क नावाचे गाव आहे. तेथे ५ मार्च १९७५ रोजी, एका घराच्या मोटारखान्यात तीसएक संगणकप्रेमी जमले. त्या काळी संगणक बहुधा मोठ्या संस्थांतच असत. आपला संगणक आपण बांधावा, या ध्यासातून 'होमब्रू संगणक मंडळ' जन्मास आले.

पुढच्याच महिन्यात स्टीव्ह डॉम्पियर याने आपला अल्टेअर संगणक सभेत आणला. त्याला ना पडदा, ना कळफलक! डॉम्पियरने एकेक खटका खालीवर करून सूचना भरल्या. इतक्यात धक्का लागून विजेची तार निसटली आणि सारे श्रम वाया गेले. न कंटाळता त्याने पुन्हा आरंभ केला. संगणकाच्या विद्युत्स्पंदांनी शेजारच्या रेडिओत खरखर होई. तीच त्याने सुरांत बांधली होती. रेडिओतून गाणे उमटताच टाळ्यांचा कडकडाट झाला.

हळूहळू सभासद वाढले. वेळ थोडा, बोलणारे फार! कोणाचे ऐकावे? सभेचे सूत्रचालक ली फेल्सेन्स्टाइन यांनी एक सुरेख रीत पाडली. प्रथम ज्याने त्याने उभे राहून आपल्यापाशी काय आहे व आपले काय अडले आहे, ते थोडक्यात सांगावे. मग एखादे छोटे व्याख्यान किंवा प्रात्यक्षिक व्हावे. शेवटी ज्याने त्याने आपल्या उपयोगाच्या माणसाला गाठावे.

याच मंडळापुढे १९७६ मध्ये स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक याने आपला नवा संगणक मांडला. मागणाऱ्याची गरज आणि देणाऱ्याचे ज्ञान यांची गाठ पडते, तीच सभा सफल होय.

स्वाध्याय : तुमच्या वर्गाच्या सभेसाठी व्याख्यानाचा विषय कसा निवडाल?